मळक्या कपड्यांवरून मार्क

सोमवार, ८ सप्टेंबर

जिंकलो! सतरा-चौदा! सीझनची पहिलीच मॅच, तीही घरच्या मैदानावर, आणि शेवटच्या मिनिटापर्यंत रक्त आटवलं गाढवांनी.

आज अख्ख्या टोलेडोत सगळे शहाणे झालेत. पेट्रोल पंपावरचा, बेकरीतली ती चकणी, माझा भाऊ — जो तो आमच्या फुटबॉल टीमच्या, हेरॉन्सच्या, पोरांना मार्क देत सुटलाय. वर कोच लोक खोलीत अंधार करून मॅचची फिल्म पुढे-मागे फिरवत बसलेत, तेही मार्कच देतायत. मला ते काही लागत नाही. बावीस वर्षं यांची घाणेरडी कापडं धुतेय. शाळा नववीत सोडली, पण डाग वाचता येतात. मशीनमध्ये टाकायच्या आधी कळतं कोण कसा खेळला ते.

तर माझे मार्क. दहापैकी.

वेस्टरगार्ड, चेंडू फेकणारा, आमचा राजपुत्र — सात. पँट पांढरीशुभ्र. त्यात त्याचं काय कौतुक? पुढे पाच रेडे भिंत धरून उभे असतात, त्याला कुणी हात लावू नये म्हणून. पण बनियनला घामाचा वाससुद्धा नाही! तीन तास काय फोटो काढून घेत होता? सात खोडले. सहा.

जमारकस बेल, पळत जाऊन चेंडू झेलतो तो — तीन. हातमोजे नवे करकरीत. चेंडू त्यांना शिवलेलाच नाही. टीव्हीवर मुलाखत मात्र याचीच!

जाडा टाफुना, समोरच्यांना आडवं करणारा — आठ. पँट गुडघ्यात फाटली. शर्टावर त्या लोकांच्या हेल्मेटचा लाल रंग, चार ठिकाणी. म्हणजे पगारापुरतं काम केलंय.

फिन, लाथ मारणारा — नऊ. एकच बूट मळका, तोही जेमतेम. पण शेवटच्या लाथेनं मॅच त्यानंच काढली. शिवाय मोजे सरळ करून टाकतो. आईनं वळण लावलंय.

प्रुइट, नंबर सहासष्ट, भिंतीतला डावीकडचा — दोन! याचा मला राग आलाय. इथं प्रत्येकाला आपल्या नंबरचा पट्टा असतो. मोजे, बनियन, चड्डी सगळं त्यात ओवायचं, टोक अडकवायचं, आपल्या नंबरच्या खुंटीला टांगायचं. मी पट्ट्यासकट धुते, कुणाचं कुणात जात नाही. प्रुइट चार वर्षं इथं आहे, एकदा चुकला नाही. काल? एकच मोजा. बनियन उलटं. टोक उघडं. आणि टांगलाय कुठं — एकाहत्तरच्या खुंटीला! एकाहत्तर नंबर आमच्यात कुणाचाच नाही. एक मॅच जिंकली तर डोक्यात हवा गेली.

मंगळवार, ९ सप्टेंबर

पोरांना सुट्टी. मला कुठली?

हॉलिस — हेल्मेटं, बूट, सगळं सामान त्याच्या ताब्यात, आणि मीही — दात काढत आला. "बर्नीस, वरचे मार्क लागले. तुझा दोनवाला पहिला आला!"

प्रुइट. सगळ्या टीममध्ये पहिला. त्याच्या बाजूनं म्हणे एकही माणूस आत शिरला नाही.

"कोच लोकांना मोजे धुवावे लागत नाहीत," मी म्हटलं.

तसं बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. आठ वर्षं झाली त्याला या धंद्यात. तीन टीमनी हाकललं, इथं चार वर्षं बाकावर बसवलं. परवा पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरवला. मागे बावीस वर्षांचा नवा घोडा उभा आहे, तोंडातून फेस गाळत. जागा टिकली पाहिजे बिचाऱ्याची.

मार्क वाढवले नाहीत. मोजा अजून सापडलेला नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

परत एकाहत्तर!

या वेळी टांगताना पकडला. "अरे बैला, तुझा नंबर कुठला?"

"मिस बर्नीस, माझी खुंटी हीच की." हसत होता. मग आपल्याच छातीकडं बघितलं. सहासष्ट. हसू गेलं. "चुकलो," म्हणाला, आणि पट्टा तिथंच सोडून निघून गेला.

हॉलिसला विचारलं, एकाहत्तर कोण होता रे? "आपल्याकडं कुणी नाही. प्रुइट स्वतःच होता, लुइझियानात. कॉलेजात असताना."

कॉलेज! आठ वर्षांपूर्वी!

मग त्याचं रविवारचं हेल्मेट मागून घेतलं. भिंतीतल्या माणसाचं हेल्मेट पुढून खरवडतं. डोकं घालून ढकलायचंच काम ते. याचं मागून खरवडलेलं. मैदानावरच्या रेघेचा पांढरा रंग, तळहाताएवढा, आत घासून बसलेला. म्हणजे उताणा आपटलाय. वर दुर्बिणी घेऊन माणसं बसतात ना, कुणाचं डोकं आपटलं हेच बघायला? पण सगळ्यांचे डोळे राजपुत्रावर.

दोन खोडले. दुसरा आकडा सुचेना.

गुरुवार, ११ सप्टेंबर

सरावानंतर त्याला मशीनच्या मागं गाठला.

"मॅच कशी जिंकलो?"

"फिनच्या लाथेनं."

"ते पेपरात आलंय. तू कुठं उभा होतास तेव्हा?"

सहा फूट पाच इंचाचा माणूस, आणि नखं खातोय!

मग म्हणाला, "मधल्या सुट्टीनंतरचं काहीच आठवत नाही, मिस बर्नीस. सोमवारी वर सगळ्यांबरोबर बसून बघितली मॅच. तो सहासष्ट चांगला खेळतो."

मी मशीन बंद केलं.

"डॉक्टरकडं जा."

"एक रविवार बसलो की माझी जागा त्या पोराची. मग मला कोण विचारतंय? आठ वर्षं थांबलोय याच्यासाठी. तुम्ही बघितलंय ना? नाही सांगणार ना कुणाला?"

"बघते," म्हटलं. बावळटासारखं! हो नाही, नाही नाही.

घरी पापरिकाचं चिकन करपलं. तसंच खाल्लं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

सांगितलं.

टीमचा डॉक्टर म्हणे, "तुम्ही लाँड्रीतल्या ना?" म्हटलं हो, लाँड्रीतलीच. आणि हेल्मेट आणि पट्टा दोन्ही त्याच्या टेबलावर आपटलं. त्याच्या कॉफीवर! एकाहत्तरचं सगळं सांगितलं. शेवटी उठला एकदाचा.

प्रुइटला महिने उलटे म्हणायला लावले. ऑगस्टपाशी अडकला. मग परत डिसेंबरपासून सुरू. परवा खेळायचं नाही, घरी पडून राहायचं, सोमवारी डोक्याचा फोटो.

जेवणाच्या सुट्टीत खाली आला. दारातूनच ओरडला, "कोणी सांगितलं?"

मी टॉवेल घड्या करत होते. केल्या. म्हटलं, "मी."

"तू?" चार वर्षांत पहिल्यांदा तू म्हणाला. "तुला काय कळतं? धुणं धू ना, म्हातारे! माझ्या पोटावर पाय दिलास!" ओल्या कपड्यांची टोपली लाथेनं उडवली. मग गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला, पळून आल्यासारखा. मी पाणी पुढं केलं. घेतलं नाही.

हॉलिस म्हणाला, "बर्नीस, आता पोरं तुझ्याशी बोलायची नाहीत."

नका बोलू. मी काय बोलायचा पगार घेते?

एकावन्न वर्षांची आहे मी. म्हातारी म्हणे!

शनिवार, १३ सप्टेंबर

बावन्न पट्टे. एकही गुड मॉर्निंग नाही. फिनसुद्धा खाली बघून गेला, मोजे उलटे टाकून.

रविवार, १४ सप्टेंबर

वर दुसरी मॅच सुरू. छत हादरतंय. प्रुइट खाली आला, घरचे कपडे, हातात डोनटचा खोका. आता हा पण माझ्या अंगावर फेकतो की काय, म्हणून मी मागं सरले. तो टोपली पालथी घालून बसला, खोका माझ्यापुढं धरला. नेहमीसारखा. हसला.

"मिस बर्नीस, मला बसवलंय. कुणीतरी डॉक्टरचे कान भरलेत. तुम्हाला इथलं सगळं कळतं. कोण होता हो तो?"

नाटक नव्हतं. डोळ्यांत बघितलं मी. नाटक नव्हतं!

भिंतीवरचा फोन काढून डॉक्टरचा नंबर फिरवला. तो वाजत होता तेवढ्यात म्हटलं, "मी, बाळा." दुसऱ्यांदा.