राखाडी कडं

४ ऑगस्ट, सोमवार

काल काउंटीच्या मैदानात जुन्या बंदुकांचा बाजार. मूर्खांचा म्हटला तरी चालेल! एका दाढीवाल्याने ऐंशी वर्षांची पॉइंट टू-टू रायफल घासूनपुसून, पॉलिश मारून लग्नातल्या फर्निचरसारखी केली होती. वर मलाच सांगतो, "काका, बघा, एकदम नवीकोरी केलीय!" अरे गाढवा, दस्त्यावरचे ओरखडे घासून काढलेस, म्हणजे ती बंदूक कुणाची होती हेच घासून काढलंस! किमतीची चिठ्ठी इतकी बारीक छापलेली की आकडा त्यालाच विचारावा लागला. नऊशे डॉलर. मी हसलोच.

बरोबर वेंडेल होता. वेंडेल म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. नेवा गेली त्याला चार वर्षं झाली, हा मात्र राहिलाय. जन्मभर लाकडाच्या वखारीत फळ्या मोजल्या. आता निवृत्त होऊनही कानामागे पिवळी पेन्सिल असतेच — चर्चमध्येसुद्धा! त्या दाढीवाल्याला म्हणतो, "छान काम केलंयस हं, बाळा." ह्याला सगळंच छान वाटतं.

९ ऑगस्ट

स्वयंपाकघराच्या दारावरून बाबांची रायफल उतरवली. तेल दिलं. नळी पुसायचा गज मागच्या बाजूने घालायचा, नळीच्या तोंडाकडून कधीच नाही. तोंड झिजलं की रायफल गेली. वेंडेलला हे चाळीस वर्षं सांगतोय. पालथ्या घड्यावर पाणी.

एका वेळी एकच गोळी घेणारी साधी रायफल. दस्त्यावर कुत्र्याचे दात, आणि खिळ्याने कोरलेला नेवाच्या नावाचा 'एन'. सात वर्षांची होती. बाबांनी फोडून काढली होती तिला. मग त्याच संध्याकाळी तो 'एन' तेल लावून काळा केला, नीट दिसावा म्हणून!

बाबा शाळेआधी पाच गोळ्या मोजून हातावर ठेवायचे. "पाच गोळ्या, पाच खारी. कमी आल्या तर रात्री नुसत्या बीन्स." नेवा पाच आणायची. मी चार. कधी तीन. जेवताना ती तिची खार गुपचूप माझ्या ताटात सरकवायची, आणि मला तिचा राग यायचा. अजून येतो.

बाबांनी जाताना रायफल कुणाच्याच नावे केली नाही. म्हणाले, "दरवर्षी सप्टेंबरात पाच-पाच गोळ्या मारा. जो नीट मारील त्याच्याकडे वर्षभर." नेवा होती तोवर रायफल तिच्याच घरी. आता तिच्या वतीने वेंडेल मारतो. पहिलं वर्ष ती त्याच्याकडेच राहिली; मग तीन वर्षं झाली, माझ्या दारावरून हललेली नाही. ह्या घरात टांगण्यासारखं दुसरं काही राहिलंही नाही.

१७ ऑगस्ट

कुंपणावर डबे ठेवून सराव केला. दहांत तीन पडले. हल्लीच्या गोळ्या म्हणजे निव्वळ फसवणूक! शिवाय नळीवरची नेम धरायची माशी कुणीतरी वाकवलीय, धड दिसतच नाही. वेंडेलकडे होती तेव्हाच वाकली असणार. तो माणूस चुकला की वाऱ्याला बोल लावतो. नाचता येईना अंगण वाकडं!

२४ ऑगस्ट

टेसा, वेंडेलची मुलगी, सफरचंद भरून भाजलेला 'पाय' घेऊन आली. वर्तमानपत्र मी नाकाला लावून वाचत होतो. "मामा, डोळे दाखव ना डॉक्टरांना." म्हटलं, आधी पेपरवाल्यांना शाई विकत घ्यायला सांग.

'पाय' बरा होता. वरची पारी जाड झाली होती.

३० ऑगस्ट

हॉटेलात वेंडेल सगळ्यांसमोर म्हणाला, "एमेट, ह्या वर्षी भिंतीवर जागा करून ठेवलीय बरं का!" सगळे हसले. मी कॉफी तशीच ठेवून उठलो.

घरी येऊन विचार केला. ह्याला अचानक एवढा माज कसला? मग आठवलं. गेल्या वर्षी निशाणाचे कागद आणायला तोच गेला होता — माझ्या गुडघ्यामुळे दरवर्षी तोच जातो. तिथे पाठ करून बराच वेळ उभा. आणि हात कानाकडे गेला होता. पेन्सिल!

पॉइंट टू-टूची गोळी आणि पेन्सिल, जाडी जवळजवळ तीच. कागदात पेन्सिल खुपसली की झालं गोळीचं भोक, हे ह्या डोंगरातल्या प्रत्येक लबाड पोराला ठाऊक आहे. पण लबाड पोरांना बाबांनी मला शिकवलेली गोष्ट ठाऊक नसते. गोळी जाताना अंगावरची काजळी कागदाला पुसून जाते. भोकाभोवती राखाडी कडं उरतं. पेन्सिलीचं भोक कोरं.

म्हणजे हा चोर बाबांची रायफल पेन्सिलीने जिंकणार! मेलेल्या बायकोच्या नावावर! ह्या वर्षी कागद हातून सोडायचे नाहीत. रविवारी चर्चच्या जेवणात सगळ्यांच्या पुढ्यात टेबलावर मांडतो की नाही बघ.

६ सप्टेंबर, शनिवार

झालं. पन्नासपैकी मी चव्वेचाळीस, वेंडेल अडतीस.

जिंकलो तरी डोकं फिरलं. नीचपणा करूनसुद्धा अडतीस! मी पहिला मारला. त्याने नंतर. ती मोठी पिवळी कान-झाकणं घालून, खुर्चीवर उशी घेऊन, म्हातारीसारखा. मग डुलत डुलत कागद आणायला गेला. पन्नास यार्डांवर मला फक्त निळा शर्ट दिसत होता, तोही धुरकट. पण कोपर वर गेलेलं दिसलं!

आल्यावर म्हटलं, "दोन्ही कागद दे."

"तुझा घे. माझा कशाला? माझी नाचक्की भिंतीवर लावतोस की काय?"

"हो."

माझा कागद त्याने लगेच दिला नाही. घाईघाईने घडी घालू लागला. भ्याला! दोन्ही ओढून घेतले. निघताना रायफल स्वतःच माझ्या गाडीत ठेवली, दार हळूच लावलं आणि म्हणाला, "तुझ्याकडेच शोभते ती." चोराच्या तोंडी गोड बोल.

७ सप्टेंबर, रविवार

चर्चला जायच्या आधी खिडकीत बसलो. नेवाचं विणकामाचं भिंग घेतलं. वेंडेलचा कागद उजेडात धरला.

पाचही भोकांना राखाडी कडं. खरी आहेत!

पाचही खाली डावीकडे, एकमेकांना चिकटलेली. खिशातलं क्वार्टरचं नाणं ठेवून बघितलं, पाचही झाकली गेली. आधी हसलो — एवढा नेम धरला आणि नको तिथे! मग हसू थांबलं. ज्याला पाच गोळ्या एका नाण्याखाली घालता येतात, त्याला नाणं कुठे ठेवायचं ते कळत नाही? मी असा गट आयुष्यात कधी मारला नाही. नेवाने मारला होता. नेवानेच शिकवलं असणार ह्याला.

चर्चला गेलो नाही.

दुपारी

माझा कागद.

पाच भोकं. दोन कडेला, पांढऱ्यात, राखाडी कडं असलेली. तीन मधोमध काळ्यात. कोरी. कागद मागच्या बाजूला फाटून पाकळीसारखा उघडलेला.

भिंग पुसलं. पुन्हा बघितलं. परसातल्या उजेडात नेऊन बघितलं. कोरीच.

कोठीच्या दारावर आधीच्या तीन वर्षांचे कागद मीच मिरवायला लावलेत. ते काढले. पहिल्या वर्षी एक भोक कोरं. मग दोन. गेल्या वर्षीही दोन. माशी वाकलेली नाही. गोळ्याही चांगल्या आहेत.

माझी कीव केली! त्याने, माझी! रायफल उचलून त्याच्या अंगणात फेकून यावी असं वाटलं. दारावरून उतरवली. 'एन'वर अंगठा गेला. परत टांगली. खाली बसलो तो अंधार पडेपर्यंत उठलोच नाही.

८ सप्टेंबर

वेंडेलला फोन केला. म्हटलं, डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायला ये, आणि येशील तेव्हा रायफल घेऊन जा. मी कागद उजेडात धरून पाहिलेत.

तो म्हणाला, "नेवाने शेवटी वचन घेतलं होतं रे. म्हणाली, माझ्यामागे एमेटचं ताट रिकामं ठेवू नकोस. रायफल न्यायला मी येणार नाही. डॉक्टरकडे न्यायला येतो."

म्हटलं, "मग पेन्सिलीला आधी काजळी तरी फासायचीस, मूर्खा!" — आणि फोन ठेवला.