चमचा त्यानंच उष्टा केला

संकष्टी, वैशाख २००८

ढाबेवाल्या सेठकडे आज आंब्याच्या लोणच्याची बरणी घेऊन गेले. पसंत पडलं तर महिन्याला वीस बरण्या घेईन म्हणाला होता. त्यानं चमचा भरून माझ्याच पुढे धरला. "बहनजी, पहले आप खाके दिखाओ."

म्हटलं, आज माझा उपास आहे.

"बनानेवाली खुद नहीं खाती, तो गिराहक क्या खाएगा?" गल्ल्याजवळचे सगळे हसले. मी चमचा घेतलाच नाही. बरणी तिथंच ठेवून तशीच निघून आले.

घरी हे म्हणाले, "बोटभर चाटलं असतं तं काय बिघडलं असतं? देव काय तिथं पाहून राहिला होता?"

"देवाचं देव जाणे. मी तं पाहून राहिली होती ना!"

चुकलं का माझं? वीस बरण्या... नाही. आज उपास मोडला, तर उद्या आणखी काय मोडायला सांगेल!

तो चमचा मात्र डोळ्यापुढून जात नाही. मला हसता हसता त्यानं तो स्वतःच चाटला, आणि तोच परत बरणीत घातला. दोनदा!

उद्या उपास नाही, तरी त्याच्यापुढं चाखणार नाहीच. सरळ म्हणेन, "सेठ, उष्टी बरणी मी परत नेत नाही. ही तुमची झाली. बाकीच्या एकोणीस कधी पाठवू?"