माझ्या मातीला कोणी यावे

मी, सगुणा मार्था भिकाजी साळवी, राहणार रत्नागिरी, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेली शिवणशिक्षिका, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी आधी आपले तपासावे.

१. चिऱ्यांचे घर व मागचे परस भाची तुळसा हिला द्यावे. शिवणयंत्र शाळेला. मोठी कात्री शेजारच्या येसूबाईने उसनी नेली, ती तिच्याकडेच आहे. आता ती तिचीच समजावी, म्हणजे मला पाहून दार लावून घेण्याचे तिचे कष्ट वाचतील.

२. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. धाकटा भाऊ आत्माराम याने माझ्या मातीला येऊ नये, असे त्यात लिहिले होते. कारण सांगते. आई वारली तेव्हा मी धावत गेले. अंगणाबाहेरून विचारले, "आत येऊ का?" मी बाप्तिस्मा घेतलेली. तो म्हणाला, "तू आम्हांला मेलीस." आईचे तोंड मला दिसले नाही. हा अन्याय होता, आजही आहे, आणि तो लहान करून सांगायची माझी तयारी नाही.

३. तेव्हापासून रोजच्या प्रार्थनेत, 'आम्ही जशी क्षमा करतो तशी आम्हांला कर', या ओळीला मी गप्प राहत आले. देवाशी खोटे बोलायला मिशनच्या ननांनी मला शिकवले नव्हते. परवा फादरना म्हटले, "नव्या मृत्युपत्रात क्षमा लिहून ठेवते." ते म्हणाले, "बाई, मेल्यावर राग तसाही सुटतो. त्यात तुम्ही काय दिलेत?" मला त्यांचा फार राग आला. मग आत्मारामला साक्षीच्या सहीसाठी बोलावणे धाडले.

४. आज तो फाटकाबाहेर थांबून म्हणाला, "बाय, आत येऊ काय?"

"मग काय, सही रस्त्यावरून करणार आहेस?"

त्याच्यासाठी परसातली आंब्याची झाडे ठेवली होती. आप्पा वकिलांनी त्याला बजावले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. झाडे की सही, एकच काय ते सांगा."

आत्माराम म्हणाला, "झाडं राहू देत. बायच्या मातीला मी येणार, त्याखाली माझी सही असू दे."

म्हणून झाडेही तुळसाला द्यावी. माझ्या पेटीला पहिला खांदा आत्मारामने द्यावा. आणि झाकण लावण्यापूर्वी माझे तोंड त्याला नीट पाहू द्यावे. घाई करू नये.

वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: सगुणा मार्था भिकाजी साळवी

साक्षीदार:
१. आप्पा गोविंद लिमये, वकील
२. आत्माराम भिकाजी साळवी, लिहून देणारीचा भाऊ

रत्नागिरी, ता. १२ मार्च १९३४