जखमेची लांबी मोजून नाकारलेल्या रजेबाबत

प्रति,
मा. रजा मंजुरी अधिकारी,
धुलाई कारखाना.

विषय: दुर्बिणीतून झालेली पोटाची शस्त्रक्रिया ही शस्त्रक्रियाच धरण्याबाबत.
संदर्भ: आपला 'रजा नामंजूर' हा शेरा.

महोदय,

१. अर्जदार मोठ्या मशीनमधून ओल्या चादरी उपसून टोपल्या उचलण्याचे काम करते. कामावर असतानाच तिच्या पोटात असह्य कळ आली व उलट्या थांबेनात. आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याला फट होती, तीत आतडे शिरून अडकले होते. सर्जनबाईंनी दुर्बिणीतून ते सोडवले आणि फट शिवली. उशीर झाला असता तर आतडे सडले असते.

२. हा आतला हर्निया. तो बाहेर फुगत नाही. तरीही कारखान्याच्या डॉक्टरांनी अर्जदारास उभे करून खोकायला लावले, पोट चाचपले आणि 'हर्निया आढळला नाही' असे लिहिले. शिवून टाकलेला हर्निया खोकल्यावर कसा आढळावा, हे त्यांनाच विचारावे.

३. आपल्याकडे रजा जखमेच्या लांबीवर मिळते, हे अर्जदारास त्याच दिवशी कळले. आपण कारकूनबाईंना कपाटाआड पट्टीने अर्जदाराच्या पोटावरची दुर्बिणीची तीन भोके मोजायला लावलीत, आकडे मोठ्याने सांगायला लावलेत व "एवढ्याला चार दिवस पुष्कळ झाले" म्हणालात. पॅकिंगमधल्या भाऊंचे अपेंडिक्स पोट फाडून काढले, त्यांना महिना मिळाला. त्याबद्दल तक्रार नाही, माणूस भला आहे. परंतु पोट कमी कापले गेले यात अर्जदाराचा गुन्हा काय, याचा खुलासा व्हावा. ती तेव्हा बेशुद्ध होती, त्यामुळे जास्त कापा असे सांगणे तिला जमले नाही.

४. दीड महिना जड उचलायचे नाही, अशी सक्त ताकीद आहे. टाके उसवले तर पुन्हा तेच. आपण मात्र उद्या टोपल्यांवर हजर व्हा, नाहीतर जागा रिकामी समजू, असे मुकादमाकरवी कळवलेत. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे नोकरी, जीव राहू दे." त्यांचा मुलगा घरी बसून आहे, हे बोलताना त्यांच्या लक्षात आले नाही. अर्जदारास आपला संताप आला आहे, आणि उद्याची भीतीही वाटते.

५. सबब, रजा तरी मंजूर करावी, किंवा तेवढे दिवस घड्या घालण्याच्या टेबलावर बसवावे. दोन्ही जमत नसेल तर ओली टोपली उचलण्याचा आदेश आपल्या सहीने द्यावा. तोंडी आदेशावर अर्जदार यापुढे रुमालही उचलणार नाही.

आजवर नम्र असलेली,
मोठ्या मशीनवरची कामगार
दिनांक: हजर होण्याच्या आदल्या दिवशी

सोबत:
१) शस्त्रक्रियेचा अहवाल
२) सर्जनबाईंची ताकीद
३) टोपली उचलण्याच्या आदेशाचा मसुदा. अर्जदाराचे नाव व आजार लिहिला आहे, फक्त आपली सही बाकी आहे.