सरकीच्या गोदामातली मंडळी

रवि. ६ जाने. ७४
जालन्याला बदली होऊन महिना. मी नव्या दवाखान्यात रुळले, पण आम्हा दोघांना उपासनेला जायला अजून आपली मंडळी मिळाली नाही. आज जुन्या दगडी चर्चमध्ये चौथ्यांदा. हे नेहमीसारखे मोठ्यानं गायले. दोन वर्षांमागं टायफॉइडात कान गेले, तेव्हापासून सूर कुठला, आवाज केवढा, यांना कळत नाही. उपासनेनंतर चर्चच्या एका पंचांनी मला बाजूला घेतलं. साहेबांना गीतं मनातल्या मनात म्हणायला सांगा म्हणाले. बोलले सौम्यच.
घरी पाटीवर लिहून दाखवलं. वाचलं, पुसलं. जेवले नाहीत.

रवि. १३
हे घरीच. मी गेले, अर्ध्यातून परत.

गुरु. १७
वॉर्डातल्या आयाबाई, मार्थाबाई, सांगत होत्या, बाजारामागच्या सरकीच्या गोदामात नवी मंडळी जमते. "तिथं कुणाला कुणाचं ऐकू येत न्हाई सिस्टर. आणा साहेबांना."

रवि. २०
कसं लिहू.
वर पत्रे, खाली सतरंज्या, सरकीचा वास. शंभरावर माणसं. ढोलकी, खंजिरी, टाळ्या. चर्चमध्ये मी जन्मात टाळी वाजवली नाही. हात पदरात घेऊन बसले. मग एकदम सगळेच आपापली प्रार्थना मोठ्यानं करायला लागले. आधी भीतीच वाटली.
पुरुषांत बघितलं तर यांचा एक तळहात सतरंजीबाहेर, फरशीवर टेकलेला. डोळे मिटलेले. दुसऱ्या हातानं मांडीवर ठेका. बराबर ठेका! मग तोंड उघडलं. गात होते, आणि एवढ्या आवाजात मला त्यांचा आवाज वेगळा काढता येईना.
मी टाळ्या कधी वाजवायला लागले, आठवत नाही.
वाटेत म्हणाले, "फरशीतून येत होतं गं. सगळं."

बुध. २३
तिथली उपासना चालवणारे ब्रदर घरी आले. भला माणूस. रविवारी सगळ्यांसमोर यांच्या डोक्यावर हात ठेवून कानांसाठी प्रार्थना करू म्हणतात. विश्वास पाहिजे फक्त. विचारलं, नाही उघडले तर? "बाई, तेच धरून चाललं तर कसं व्हायचं?" मेलेली नस काय असते ते नर्सला माहीत. पण रविवारी पाहिलं तेही...

शनि. २६
यांना पाटीवर लिहून सांगितलं. वाचून म्हणाले, "मी कानासाठी न्हाई जात तिथं." मग, "पण बोलावलं तर उठावं लागंल."

रवि. २७
उठले. कितीतरी हात डोक्यावर, खांद्यावर. पत्रे हादरले. त्या क्षणी मी मागितलं, खरंच मागितलं. ब्रदरनी विचारलं, ऐकू येतंय का? ओठ वाचून यांनी मोठ्यानं सांगितलं, "न्हाई."
प्रार्थना, ढोलकी, सगळं थांबलं. हे जागेवर येऊन बसले, तळहात फरशीवर ठेवला. ढोलकीवाला ब्रदरकडं बघत राहिला. ब्रदर खाली बघत होते. मग त्यांनी मान डोलावली, ढोलकी सुरू झाली.
बाहेर एक बाई म्हणाली, घरातल्या कुणाचा तरी विश्वास कमी पडला असेल. माझ्याबद्दलच. असेलही.
मार्थाबाईंनी हळूच विचारलं, "येताल ना पुढल्या रविवारी?"
हे चपलांच्या ढिगात वाकून आपला जोड शोधत होते आणि गात होते, मोठ्यानं, बेसूर. बाहेर आता आवाज झाकायला ढोलकी नव्हती. लोक वळून बघायला लागले.