पुढं नवं, मागं जुनं

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

डोकं फिरवलं आज एका पोरीनं! दाक्षायणी नाव. अक्कलकोटला दातांचा दवाखाना हाय तिचा. लाल गाडी घेऊन आली — दोनच सीटं, जमिनीला टेकलेली, शर्यतीत असती तसली. मऊ रबरचेच टायर पायजेत म्हणे. लवकर झिजतात पण रस्ता धरतात, गाडी काय करती ते हाताला लगेच कळतंय. चार पायजे होते, सगळ्या सोलापुरात दोनच मिळाले. बाकीचे दोन पुढच्या आठवड्यात.

दोन पुढं बसवू म्हणलं. तर म्हणती, "मावशी, नवे मागं टाका. मागचे लई झिजलेत."

मला शिकवती! सात रस्त्याला टायरच्या दुकानात जलम गेला माझा. रिक्षा असू दे, जीप असू दे — पुढं नवं, मागं जुनं. हितं असंच. म्हणलं, "स्टिअरिंग पुढं असतंय का डिकीत? तू दात उपट जा." गिऱ्हाईकं हसली. पोरीचं तोंड उतरलं. "बसवा," म्हणाली.

एक चक्कर मारून आली. कसं वाटतंय विचारलं. स्टिअरिंग छान झालं, बोटानं वळतंय म्हणाली. बघ म्हणलं! अजून काय तरी बोलणार होती. मी दुसरं गिऱ्हाईक घेतलं.

दुकानातले आमचे जुने कारागीर नबीसाब म्हणाले, जरा हळू बोलत जा. हळू बोलून टायर बसतंय व्हय!

४ फेब्रुवारी

त्या पोरीला काल घरी जाताना अपघात झाला. वळणावर पाइप फुटून रस्त्यावर पाणी होतं. गाडी पुढनं वळली, मागनं वळलीच न्हाय. गरकन फिरून ज्वारीत. उजवं मनगट मोडलं.

जोरात चालवली असणार.

५ फेब्रुवारी

नबीसाबनी टायर कंपनीच्या माणसाला फोन लावला. मला ऐकू जाईल असा लावला. दोनच नवे असले तर मागंच टाकायचे — कुठली का गाडी असंना. पुढचं टायर सुटायला लागलं की स्टिअरिंग हातात हलकं पडतं, माणूस सावध होतंय. मागचं सुटतंय तवा स्टिअरिंग काय सांगत न्हाय. उलट पुढं नवं मऊ असलं की गाडी लई घट्ट वाटती. तिथंच फसतंय माणूस.

म्हंजी पोरगी बरोबर होती. आणि मी? मी जन्मात स्टिअरिंग धरलेलं न्हाय.

आजवर किती जणांना तसंच बसवून दिलं असंल. डोळ्यापुढनं जाईनात.

७ फेब्रुवारी

तिचे वडील आले, शिवशरण अण्णा. मला वाटलं भांडायला आले. हात जोडले त्या माणसानं! "पोरगी तुमाला उलट बोलली म्हणं. तुमी बरोबरच बसवलं असणार. तिलाच नाद लई. गाडी काढून टाकतोय. आता तिला गाडीच न्हाय."

खरं काय ते सांगायचं सोडून चहा पाजला. चहा पाजला मी! नबीसाब माझ्याकडं बघत होते.

८ फेब्रुवारी

डबा तसाच घरी परत नेला.

१० फेब्रुवारी

एसटीनं अक्कलकोटला गेले. अंगणात लाल गाडी, एक बाजू चेपलेली. गाडी घ्यायला आलेला माणूस ओट्यावर बसलेला. त्याच्यासमोरच बोलले, मागं सरले न्हाय. "अण्णा, पोरगी नवे टायर मागं टाका म्हणत होती. मी ऐकलं न्हाय. चारचौघांत तिलाच हसले. चूक माझी."

अण्णांनी गाडीकडं बघितलं. मग त्या माणसाला म्हणाले, "गाडीचं नंतर बघू."

दाक्षायणी दारात उभी होती, हात गळ्यात. माझ्याकडं बघितलं न्हाय. तरी येताना हलकं वाटलं. रात्री जेवले.

१२ फेब्रुवारी

राहिलेले दोन टायर आले. मीच फोन केला, म्हणलं मागं बसवून देते, तू फक्त गाडी पाठव. मग म्हणाली, "मावशी, मला वाटेत कुंभारी गावालाच कळलं होतं. मागून हलकी लागत होती. परत फिरणार होते."

मग का न्हाय फिरलीस गं, विचारलं.

"दुकानात अजून ती हसणारी माणसं असतील, म्हणून."