अर्धा इंच माया

मी, खाली सही करणारी, वय बासष्ट, धंद्याने शिंपीण, राहणार माझ्याच दुकानाच्या माडीवर, आज रविवारी दुपारी, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या अक्षरात, माझ्या पश्चात कोणाला काय मिळावं हे लिहून ठेवत आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. मन स्थिर असल्याचा पुरावा हवा असेल तर रेडिएशन विभागातल्या मशीनवालीला विचारावं. एकोणीस दिवस मी तिच्यासमोर हात डोक्याच्या वर करून, पापणी सोडून काहीही न हलवता पडून राहिले आहे. उभ्या आयुष्यात मी कुठल्या कामाला हात वर केले नव्हते, ते तिथे रोज केले.

डाव्या स्तनात गाठ निघाली, ती सर्जनने काढली. त्याचे टाके मी आरशात पाहिले आहेत. माझ्या दुकानातून असा टाका बाहेर पडला असता तर गिऱ्हाइकाने कपडा तोंडावर फेकला असता. पण माणूस भला आहे, तक्रार नाही. त्यानंतर पंचवीस दिवस किरणं घ्यायची ठरली, शनिवार-रविवार सुट्टी. एकोणीस झाली. उरलेल्या सहांचं काय, ते कलम आठमध्ये लिहिलं आहे.

कलम १. दुकान, वरच्या दोन खोल्या आणि बँकेत असेल ते सगळं माझ्या एकुलत्या एका लेकीला. ती लांब असते, तिथे लोकांचे दात काढते आणि रोज संध्याकाळी फोनवर माझा जीव काढते. जेवलीस का, क्रीम लावलंस का, कातडी किती लाल झालीय, फोटो पाठव. फोटो पाठवणार नाही. तिने दुकान विकलं तरी माझी हरकत नाही. फक्त ‘घाईचे काम घेतले जाणार नाही’ ही पाटी उतरवून आपल्या दवाखान्यात लावावी.

कलम २. शिलाई मशीनही तिलाच. तिला साधं बटण लावता येत नाही, हे मी या कागदावर जाहीर करते. मशीनला महिन्यातून एकदा तेल पाजावं. एवढं तरी जमेल.

कलम ३. मोठ्या जाऊबाईंना माझी मोजायची टेप. ‘ही ब्लाउज घट्ट शिवते’ असं त्या तीस वर्षं चारचौघांत सांगत आल्या. टेप त्यांनी दार लावून, एकटीने, स्वतःभोवती गुंडाळावी आणि आकडा वाचावा. वाद तिथेच मिटेल. ऑपरेशननंतर माझा डावा हात वर जात नव्हता तेव्हा पंधरा दिवस रोज सकाळी येऊन माझे केस त्यांनीच विंचरले, हेही इथे नमूद करते. ओढत विंचरले, पण विंचरले.

कलम ४. आमच्या ह्यांचा करडा कोट, जो ते स्वतःसाठी शिवत होते आणि कच्चा धावदोरा घालूनच गेले, तो खुंटीवर तसाच आहे. सात वर्षांत मी त्याला सुई लावली नाही. लावणार होते, मन होईना. तो जावयाला द्यावा आणि दुसऱ्या कोणा कारागिराकडून पुरा करून घ्यावा. ह्यांनी आत माया भरपूर ठेवली आहे. लेकीला कळणार नाही म्हणून सांगते, माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड. माणूस सुटला की शिवण उसवून कपडा वाढवता येतो. जावई ज्या वेगाने सुटतो आहे ते पाहता सासऱ्याने दूरदृष्टी दाखवली असंच म्हणावं लागेल.

आता बाकावरच्या मंडळींकडे वळते. किरणांच्या खोलीबाहेर एक लांब बाक आहे. रोज सकाळी साडेनऊला आम्ही चौघी त्यावर असतो. महिन्यापूर्वी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आता कोणाची कातडी कुठे सोललीय, कोण रात्री झोपली नाही, कोणाच्या नवऱ्याने अजून ‘तिकडे’ पाहिलेलं नाही, हे चौघींनाही ठाऊक आहे.

कलम ५. दुकानातला रेडिओ कंडक्टरीणबाईंना. ह्या बसवर तिकिटं फाडतात आणि बाकावरही ‘पुढे सरका, मागे जागा आहे’ म्हणतात. मागे भिंत आहे. किरणांच्या प्रत्येक दिवसाला त्या फेरी म्हणतात, त्यामुळे आता आम्ही सगळ्याच म्हणतो. मला मास्तर म्हणतात. आपल्याला गाता येतं असा त्यांचा समज आहे. रेडिओ मोठ्याने लावून बरोबर म्हणावं, म्हणजे फरक कळेल.

कलम ६. कापड बेतायचं मोठं टेबल अर्जवालीला. ही कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप करून देते, तिचं टेबल डुगडुगतं. विम्याचे आमचे सगळ्यांचे कागद तिने भरले, आणि माझ्या धंद्याच्या रकान्यात ‘शिंपीण’ऐवजी ‘वस्त्रनिर्माती’ लिहिलं. मी दोन दिवस ताठ चालत होते.

किरणं घेताना घालायच्या झग्यांचे कागदी बेत, म्हणजे कापडावर ठेवून कापायचे नमुने, त्याच टेबलाच्या खणात आहेत, ते विभागाला द्यावेत. तिथला झगा मागून बांधायचा होता. दाखवायचं असतं पुढून, त्यामुळे रोज अख्खी बाई उघडी पडायची आणि थंडीने कुडकुडायची. मी जुन्या चादरींचे नवे झगे शिवले, खांद्यावर दोन बंद, ज्या बाजूला दुखणं तेवढीच बाजू उघडते. बेतावर ‘डावी’ आणि ‘उजवी’ असं लिहिलं आहे. उलटसुलट करू नये.

कलम ७. माझी दहा इंची कात्री, जिला मी आजवर कोणाला हात लावू दिला नाही, ती हेडबाईंना. ह्या निवृत्त मुख्याध्यापिका. समोरच्याचं वाक्य मधेच कापायची त्यांना जन्माची सवय आहे, तेव्हा कात्री योग्य हाती जाईल. डाव्या बाजूवाल्यांना किरणं घेताना श्वास रोखावा लागतो. हेडबाईंनी आम्हाला युक्ती दिली, मनात सतराचा पाढा म्हणायचा, संपला की मशीनवाली ‘सोडा’ म्हणतेच. त्यांचा कधी चुकला नाही. मी दरवेळी सतरा सातेला अडकते आणि श्वास मात्र रोखलेलाच राहतो.

त्यांना कात्री का, ते लिहायलाच हवं. किरणं कुठे सोडायची त्याच्या शाईच्या रेघा अंगावर काढलेल्या असतात. त्या पुसायच्या नाहीत, साबण लावायचा नाही. हेडबाईंना अंगावर एक डाग खपत नाही. गेल्या गुरुवारी कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी मला हळूच आत ओढलं. काखेजवळची रेघ त्यांनी घासून जवळजवळ घालवली होती. हजार पोरांना धाकात ठेवलेली बाई, पण मशीनवालीची बोलणी खायच्या भीतीने तिने आतून कडी घातली.

“तुमचा हात सरळ आहे,” त्या म्हणाल्या. “एवढी काढून द्या. कोणाला कळायचं नाही.”

माझ्याकडे कपड्यांवर खूण करायचं पक्कं पेन असतंच. मी रेघ काढली. सरळ, एका दमात, वहीवर छापावी तशी. आणि चाळीस वर्षांच्या सवयीने, जुन्या खुणेच्या बाहेर अर्धा इंच. शिवणीला माया ठेवतात तशी.

नेम जुळवायला भिंतीतून येणारा लाल उजेड त्या रेघेवर बसेना. मशीनवालीने पाचव्या सेकंदाला ओळखलं. मशीन सुरूच केलं नाही, पण विचारलं, कोणी काढली? हेडबाई खोटं बोलत नाहीत. त्यांनी दाराच्या फटीतून माझ्याकडे बोट दाखवलं. मग त्यांची मापं पुन्हा पहिल्यापासून, दोन दिवस किरणं बंद. मला सगळ्या विभागासमोर बोलणी बसली. हेडबाई माझ्याकडे न बघता निघून गेल्या. कंडक्टरीणबाईंनी तेवढ्यात माझं नाव ‘अर्धा इंच’ ठेवून टाकलं. तरी कात्री त्यांनाच. मी मन मोठं करून देत आहे, हे त्यांना कळावं.

कलम ८. उरलेल्या सहा फेऱ्या मी करणार नाही. शुक्रवारी गेले नाही, उद्याही जाणार नाही. बाक त्यांचा त्यांना लखलाभ.

पुरवणी, नऊ दिवसांनी, त्याच कागदाच्या पाठीवर.

सोमवारी दुपारी मी मसुदा अर्जवालीकडे पक्का करायला पाठवला. तासाभरात ती आणि कंडक्टरीणबाई दुकानाच्या दारात हजर. बसायला सांगायच्या आत बसल्या.

“मास्तर, तिकीट पंचवीसचं फाडलंय,” कंडक्टरीणबाई म्हणाल्या. “एकोणिसाव्याला उतरायचं नाही.”

“माझी बस आहे. मी वाटेल तिथे उतरेन.”

“चालत्या बसमधून?”

अर्जवालीने चष्मा लावला. “मसुदा फर्मास आहे. पण साक्षीदार कुठायत?”

“तुम्ही दोघी.”

“मला टेबल, हिला रेडिओ. ज्याला मिळतं त्याने साक्ष द्यायची नाही, हे मी रोज लोकांना सांगून घसा बसवते. आणि कलम आठ आहे तोवर या कागदावर बाकावरची एकही बाई सही करणार नाही. सहा फेऱ्या करा, कलम खोडा, मग बघू.”

यालाच दडपण म्हणतात. पहिल्या परिच्छेदात ‘कोणी भरीस घातलेलं नाही’ असं मी लिहिलं आहे, ते सोमवारी दुपारपर्यंतच खरं समजावं.

दोघी गेल्यावर मी खूप रडले. रविवारी मी नुसता रुसवा लिहिला होता. खरं हे की मला भीती वाटत होती. माझं कापड चुकलं तर मी दुसरं कापड आणते. ही चूक एका बाईच्या अंगावर झाली होती, तिच्या आजारावर. त्या दोन दिवसांत तिचं काही बरंवाईट झालं तर, या विचाराने मला माझ्याच हाताकडे बघवत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन दिवसांनी काही बिघडत नाही, पुढे वाढवून घेऊ. बिघडतं ते मधेच सोडून दिल्याने, असंही सांगितलं होतं. पहिलं माझ्या कानात शिरलं नाही आणि दुसरं मी स्वतःला लावून घेतलं नाही.

मंगळवारी साडेनऊला गेले. बाकावर हेडबाईंच्या शेजारी त्यांची पर्स ठेवलेली होती. त्या जागेवर त्या कोणाला बसू देत नव्हत्या, असं मला नंतर कळलं. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं.

“सतरा साते?”

“एकशे सतरा,” मी म्हटलं.

“एकशे एकोणीस. बसा.” आणि पर्स उचलली.

एवढंच. माफी त्यांनी मागितली नाही, मीही नाही. पण माझा नंबर आला तेव्हा झग्याचे बंद त्यांनी सोडून दिले, आणि बाहेर आल्यावर बांधले. गाठ इतकी घट्ट मारली की कपडे बदलताना ती मला कात्रीने कापावी लागली. पुढच्या पाचही दिवशी तेच. काखेतली कातडी सोलली, आग आग झाली, बसवेना की निजवेना. रोज वाटायचं आज नको. रोज सकाळी कंडक्टरीणबाईंचा फोन यायचा, “मास्तर, गाडी सुटतेय,” आणि मी शिव्या देत जिना उतरायचे.

आज पंचविसावी झाली. सतराचा पाढा आज पहिल्यांदा शेवटपर्यंत गेला. मशीनवालीने ‘सोडा’ म्हटल्यावरही मला श्वास सोडायचं भान नव्हतं, इतकी मी स्वतःवर खूश होते.

सबब, कलम आठ मी माझ्या हाताने खोडले आहे आणि खोडलेल्या ओळीशेजारी सही केली आहे. बाकीची कलमं कायम. साक्षीला कोण, हा प्रश्न उरला होता. मी म्हटलं मशीनवालीला विचारू. कंडक्टरीणबाई म्हणाल्या रेडिओ गेला खड्ड्यात, आणि पेन मागितलं. हेडबाईंनी पेन मागितलं नाही, त्यांच्याकडे स्वतःचं लाल आहे. त्यांनी आधी हा सगळा कागद वाचला, त्यातल्या अकरा चुका दुरुस्त केल्या आणि ‘माया’ या शब्दाखाली एक रेघ ओढली. मी आठवण दिली की सही केलीत तर कात्री मिळायची नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे माझं वाक्य मधेच कापलं. तेव्हा कलम पाच आणि सात रद्द समजावीत. रेडिओ आणि कात्री तूर्त माझ्याकडेच राहतील.

ठिकाण: किरणांच्या खोलीबाहेरचा लांब बाक, डावं टोक.

दिनांक: माझ्या पंचविसाव्या फेरीचा मंगळवार, सकाळचे अकरा.

लिहून देणार: (सही) शिंपीण, दुकान खाली, घर वर.

मजकूर तपासून दिला: (सही) अर्जवाली. टेबल मला मिळणार असल्याने साक्ष दिलेली नाही. घाई मुळीच नाही, डुगडुगतं आहे ते चालतं.

साक्षीदार पहिली: (सही) बस कंडक्टर. माझ्या अजून नऊ फेऱ्या बाकी आहेत. मास्तरांनी उद्यापासून नुसतं बसायला यायचं कबूल केलं आहे, तेही इथे लिहून ठेवा.

साक्षीदार दुसरी: (सही) निवृत्त मुख्याध्यापिका. लिहून देणार बाईंनी माझ्यासमोर सही केली. शुद्धलेखन सुमार आहे, पण हेतू शुद्ध आहे. बोट मी दाखवायला नको होतं, रेघ मीच मागितली होती. कात्रीवरचा हक्क मी सोडत आहे, मला ती चालवणारी हवी आहे. त्यांची ती अर्धा इंच बाहेरची रेघ मशीनवालीने स्पिरिटने पुसली, तरी पक्क्या शाईची असल्याने अजून फिकट दिसते. ती मी घासलेली नाही.